उदकधरेचे रक्षण : जलग्राही द्रव्ये व स्नेह यांचा क्रमयुक्त वापर

शरद ऋतू सरून हेमंताची चाहूल लागली की चिकित्सालयांत आणि औषधालयांत त्वचेच्या रूक्षतेच्या तक्रारी वाढू लागतात. टाचांच्या भेगा, नडगीवर खवल्यांसारखी उलणारी त्वचा, वृद्धांच्या पाठीला रात्री सुटणारी कंडू, स्नानानंतर ताणल्यासारखा वाटणारा चेहरा ही लक्षणे आपणा सर्वांच्या परिचयाची आहेत. गेल्या काही वर्षांत या तक्रारींबरोबर एक नवा प्रश्नही येऊ लागला आहे. रुग्णाच्या हाती कोरफडीच्या जेलची नळी किंवा हायलुरॉनिक आम्लाच्या सिरमची बाटली असते, घरी खोबरेल तेल किंवा एखादे मॉइश्चरायझरही असते आणि त्याचा प्रश्न असतो की यांपैकी नेमके कोणते लावावे?

या दोहोंपैकी एकच निवडायचे असते, असे या प्रश्नात गृहीत धरलेले आहे आणि तेच मुळात योग्य नाही. एक द्रव्य त्वचेत जल धरून ठेवते, तर दुसरे ते जल बाहेर जाऊ देत नाही. ही दोन भिन्न कर्मे असून रूक्ष त्वचेला बहुधा दोहोंची आवश्यकता असते. ही द्रव्ये कोणत्या क्रमाने लावली जातात, यावर त्यांचा गुण मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या क्रमाची कारणमीमांसा, त्याची व्यवहारातील पद्धत आणि औषधालयाच्या दृष्टीने घ्यावयाची दक्षता यांचा आम्ही क्रमाने विचार करणार आहोत.

त्वचा आणि जल

चरकाचार्यांनी शारीरस्थानात त्वचेचे सहा स्तर सांगितले असून त्यांतील सर्वांत बाह्य स्तरास 'उदकधरा' असे नाव दिले आहे. सुश्रुताचार्यांनी सात स्तर मानले आहेत व पहिल्यास 'अवभासिनी' म्हटले आहे. आजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या थरांशी या नावांची तंतोतंत जुळवणी करण्याचा मोह आम्ही टाळतो. तथापि शरीराच्या अगदी बाहेरच्या आवरणाला 'जल धारण करणारी' हे नाव मिळावे, ही गोष्ट चिकित्सकाने मनात ठेवण्यासारखी आहे.

आधुनिक शास्त्रात स्ट्रॅटम कॉर्नियम म्हणून ओळखला जाणारा शृंगस्तर हा निर्जीव, चपट्या पेशींच्या साधारण १५ ते २० थरांचा असतो. तळहात व तळपाय वगळता बहुतेक ठिकाणी त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे कागदाहूनही कमी असते. त्याची रचना विटांच्या भिंतीची उपमा देऊन समजावून सांगितली जाते. पेशी या विटा होत. त्यांच्या आत अमिनो आम्ले, युरिया, लॅक्टेट इत्यादी जल ओढून धरणारी द्रव्ये असतात. विटांमधील चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांचे स्निग्ध मिश्रण. आतील द्रव्ये पाणी धरतात आणि बाहेरील स्निग्धांश ते उडून जाऊ देत नाही. निसर्गाने या एवढ्याशा थरात दोन स्वतंत्र योजना केल्या आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

रूक्षता का येते, हेही यावरून उलगडते. पेशींतील जलधारक द्रव्ये पाण्यात विरघळणारी असल्याने दीर्घकाळ कढत पाण्याने स्नान केल्यास ती धुऊन जातात. तीव्र साबणाने स्निग्धांश निघून जातो. वयोमानाने दोन्ही कमी होत जातात. बाहेरची हवा थंड व कोरडी असेल तर उरलेले जलही वेगाने उडते. शृंगस्तरातील जलांश साधारण १० टक्क्यांच्या खाली उतरला की त्वचा कडक होते, खवले धरते आणि तिला भेगा पडतात.

अमेरिकी संशोधक आयर्विन ब्लँक यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेले निरीक्षण या संदर्भात अत्यंत बोधप्रद आहे. पायावरील घट्ट्याचा वाळलेला, ठिसूळ झालेला तुकडा त्यांनी तेलात ठेवला असता तो मऊ झाला नाही. तोच तुकडा पाण्याच्या संपर्कात येताच लवचिक झाला. त्वचेचे मार्दव हे तिच्यातील जलावर अवलंबून आहे आणि स्नेहाचे मुख्य कार्य ते जल राखण्याचे आहे, ही समज त्या निरीक्षणाने पक्की झाली.

वाचक वैद्यांना येथे शंका येईल की रूक्षतेवर स्निग्ध उपचार हे आपले मूलसूत्र यामुळे बाधित होते काय? आमच्या मते मुळीच नाही. चरकाचार्यांनी आप्य द्रव्यांचे गुण सांगताना द्रव, शीत, मंद यांच्याबरोबर स्निग्ध, मृदू व पिच्छिल हेही गुण सांगितले आहेत. स्निग्धता व मृदुता यांचा जलमहाभूताशी असलेला संबंध शास्त्राला पूर्वीपासून मान्य आहे. स्नेहाला केवळ तेलकटपणा समजणे ही व्यवहारात आलेली संकुचितता आहे, शास्त्राची नव्हे.

द्रव्यांचे तीन वर्ग

त्वचेवर लावावयाच्या या द्रव्यांचे कर्मानुसार तीन वर्ग मानले जातात.

पहिला वर्ग जलग्राही द्रव्यांचा. ग्लिसरिन, हायलुरॉनिक आम्ल, अल्प प्रमाणातील युरिया, मध आणि कोरफडीचा गर ही यांची उदाहरणे. ती भोवतालचे व त्वचेच्या खालच्या थरातील जल शृंगस्तरात ओढून धरतात. दुसरा वर्ग मार्दवकर द्रव्यांचा. पेशींमधील खाचा भरून स्पर्श मऊ करणारी तेले व मेदाम्ले यांत येतात. तिसरा वर्ग आवरक द्रव्यांचा. मेण, पेट्रोलियम जेली, लोकरीपासून मिळणारे लॅनोलिन ही द्रव्ये त्वचेवर थर करून जलाचे उत्सर्जन रोखतात. घृत व वनस्पतिज तेले प्रामुख्याने दुसऱ्या वर्गातील असली तरी काही अंशी तिसऱ्याचेही काम करतात. मात्र उत्सर्जन रोखण्यात पेट्रोलियम जेली त्यांच्यापेक्षा बरीच पुढे आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

बाजारातील 'मॉइश्चरायझर' म्हणजे बहुधा या तिन्ही वर्गांचे पाण्यात एकजीव केलेले मिश्रण असते. 'सिरम' किंवा 'जेल' यांत मात्र बहुतेक वेळा पहिल्याच वर्गाची द्रव्ये असतात. रुग्णाचा घोटाळा येथेच होतो.

एकट्या द्रव्याची मर्यादा

कुमारीचेच उदाहरण घेऊ. तिच्या गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि उरलेल्या अल्प भागातील बहुशर्करांमुळे त्याला पिच्छिलता येते. कोरफडीचा अर्क असलेल्या लेपांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्राझिली अभ्यासात शृंगस्तरातील जलांश वाढलेला दिसला, परंतु त्वचेतून होणाऱ्या जलाच्या उत्सर्जनात फरक पडला नाही. याचा अर्थ असा की कुमारीने पाणी दिले, पण दार लावले नाही. जेल लावल्यावर क्षणभर गार व मऊ वाटते आणि तासाभरात त्वचा पुन्हा ओढल्यासारखी होते, ही रुग्णांची तक्रार या निष्कर्षाशी जुळणारी आहे.

ग्लिसरिन हे जलग्राही द्रव्यांतील सर्वांत विश्वसनीय व स्वस्त द्रव्य. त्याचे महत्त्व केवळ पाणी ओढण्यापुरते नाही. पेशींच्या आवरणातून ग्लिसरिन व जल यांची ने-आण करणारे ॲक्वापोरिन-३ हे प्रथिन ज्या उंदरांत नसते त्यांची त्वचा रूक्ष राहते आणि ग्लिसरिन पुरविल्यास ती सुधारते, असे २००३ साली दाखविले गेले. परंतु निर्भेळ ग्लिसरिन कोरड्या हवेत तसेच चोपडल्यास ते बाहेरून पाणी न मिळाल्याने त्वचेच्याच खालच्या थरातील जल ओढते आणि दाह होतो. म्हणून ते पाणी किंवा गुलाबजल यांत मिसळून, साधारण ५ ते १० टक्के प्रमाणात वापरणे श्रेयस्कर.

उलटपक्षी, स्नेहाचीही मर्यादा आहे. पूर्ण वाळलेल्या, खवलेदार त्वचेवर तेल चोळल्यास खवले बसतात, चकाकी येते, परंतु राखावयास आत जलच नसल्याने ताण कायम राहतो. शिवाय सर्व तेले समान गुणांची नसतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील अभ्यासात सूर्यफूल तेलाने त्वचेच्या आवरणाची दुरुस्ती लवकर झाली, तर मोहरीच्या तेलाने ती लांबली. ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचे आवरण दुबळे होते, असे २०१३ साली दिसून आले. बांगलादेशातील ढाका शिशु रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना सूर्यफूल तेल लावल्यावर रुग्णालयात होणाऱ्या जंतुसंसर्गाची शक्यता ४१ टक्क्यांनी घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. योग्य स्नेह हा सौंदर्यप्रसाधनापुरता विषय नाही, तो प्राणरक्षणाशीही निगडित आहे, हे यावरून ध्यानात यावे.

शास्त्रोक्त उपचारांतील क्रम

आपल्या दिनचर्येत अभ्यंगानंतर व्यायाम, उद्वर्तन व स्नान असा क्रम आहे. वर वर्णिलेल्या पद्धतीत मात्र स्नेह स्नानानंतर येतो. हा विरोध केवळ भासमान आहे. स्नानपूर्व अभ्यंगाने वातशमन होते आणि पाणी व घर्षण यांपासून त्वचेचे रक्षण होते. भांडे, कातडे व गाडीचा आस स्नेहाने टिकाऊ होतात, हा चरकोक्त दृष्टान्त प्रसिद्धच आहे. स्नानोत्तर लावलेल्या अल्प स्नेहाचे प्रयोजन वेगळे आहे. स्नानाने त्वचेत आलेले जल तो राखतो. रूक्ष प्रकृतीच्या व्यक्तीस हेमंत-शिशिरात दोन्ही द्यावेत.

लेपासंबंधीचा एक नियमही येथे स्मरावा. लेप वाळू लागल्यावर त्याची उपेक्षा करू नये, पीडनासाठी योजलेला लेप तेवढा अपवाद, असे सुश्रुताचार्यांनी बजावले आहे. मुलतानी माती, उटणे किंवा नुसते जेल चेहऱ्यावर तडकेपर्यंत वाळविण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती या नियमाच्या विरुद्ध आहे. रूक्ष त्वचेवर तर ती निश्चितच वर्ज्य मानावी.

जल व स्नेह यांच्या संयोगाचे आपल्या परंपरेतील उत्तम उदाहरण म्हणजे शतधौतघृत. घृत पाण्याने शंभर वेळा धुताना त्याचा कणीदारपणा जातो, पाण्याचे सूक्ष्म कण त्यात अडकून राहतात आणि पांढरे, मऊ, शीतस्पर्शी मलम तयार होते. विसर्पात शतधौतघृताचा व ज्वरातील दाहात सहस्रधौतघृताचा उपयोग चरकसंहितेत सांगितला आहे. क्रीम या कल्पनेच्या इतके जवळ जाणारे कल्प आपल्याकडे थोडेच आहेत.

वापरण्याची पद्धत

रुग्णास सांगण्यास सोपी अशी पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

स्नान कोमट पाण्याने व ५ ते १० मिनिटांत उरकावे. साबण काखा, जांघा, पावले अशा आवश्यक ठिकाणीच लावावा. पंचाने अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे व त्वचा किंचित ओलसर ठेवावी. त्या ओलाव्यावरच जलग्राही द्रव्याचा पातळ थर द्यावा. तो वाळण्यापूर्वी, म्हणजे स्नानानंतर सुमारे तीन मिनिटांच्या आत, त्यावर मॉइश्चरायझर, तेल किंवा घृत लावावे. स्नेह केसांच्या दिशेने, हलक्या हाताने पसरावा. रात्री निजताना हात, पाय व नडग्या ओल्या हाताने पुसून हाच क्रम पुन्हा करावा.

मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरिनसारखे जलग्राही द्रव्य आधीच असेल, तर वेगळ्या सिरमचा आग्रह धरू नये. ज्यांना विकतचे क्रीम परवडत नाही, त्यांनी ओल्या अंगाला खोबरेल तेल लावले तरी क्रमाचा लाभ मिळतो. बालकांवरील २००९ सालच्या एका लहान अभ्यासात, स्नानानंतर काहीच न लावल्यास त्वचेतील जलांश घटलेला आढळला. महाग उत्पादन न घेतल्याने होणाऱ्या हानीपेक्षा अंग कोरडे होऊन तसेच राहिल्याने होणारी हानी अधिक आहे.

प्रमाणाबद्दलही स्पष्टता हवी. प्रौढाच्या सर्वांगास एकदा लावण्यास सुमारे ३० ग्रॅम क्रीम लागते. ५० ग्रॅमची नळी महिनाभर पुरविणारा रुग्ण 'गुण नाही' म्हणून परत येतो, तेव्हा दोष बहुधा द्रव्याचा नसून मात्रेचा असतो. विचर्चिकासदृश एक्झिमा असलेल्या बालकांवर २०२२ साली इंग्लंडमध्ये झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल व मलम यांच्या परिणामकारकतेत लक्षणीय फरक आढळला नाही. रुग्ण जे आवडीने व नियमाने लावील, तेच त्याच्यासाठी उत्तम.

देश-कालाचा विचार अर्थातच हवा. कोकणात व गोव्यात हवा दमट असल्याने हलके जेल व अल्प स्नेह पुरतो. मराठवाडा व विदर्भाच्या कोरड्या हवेत, विशेषतः वातानुकूलित खोलीत काम करणाऱ्यास, जलग्राही द्रव्य एकटे कधीही देऊ नये. कफप्रधान, तेलकट व मुखदूषिकायुक्त त्वचेस जड स्नेह वर्ज्य करून जेलयुक्त हलके क्रीम योजावे.

कोठे थांबावे

जांघा, काखा व बोटांच्या बेचक्यांत दद्रू असल्यास तेथे ओलावा कोंडणारे काहीही लावू नये. मधुमेही रुग्णाच्या टाचांना व तळव्यांना १० टक्के युरियाचे क्रीम उपयुक्त ठरते. परंतु ते बोटांच्या बेचक्यांत लावू नये आणि भेगेतून स्राव, लाली किंवा व्रण दिसल्यास विलंब न करता योग्य तपासणीस पाठवावे. एवढीशी भेग दुर्लक्षिल्याने पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. वृद्धांच्या सर्वांगकंडूमागे थायरॉइड, वृक्क, यकृत किंवा मधुमेह यांचे विकार असू शकतात. दोन-तीन आठवडे विधिवत उपचार करूनही उपशय न मिळाल्यास त्या दिशेने शोध घ्यावा. जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावल्याने एक्झिमा टळतो, असा दावाही करू नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत तसे सिद्ध झाले नाही. झालेल्या रोगात मात्र त्याचा उपयोग निश्चित आहे.

आणखी एक सूचना. स्नेहाने माखलेले कपडे व अंथरुणे लवकर पेट घेतात. चुलीजवळ काम करणाऱ्या, विडी ओढणाऱ्या व अंथरुणास खिळलेल्या रुग्णांच्या घरच्यांना हे आवर्जून सांगावे.

औषधालयांची जबाबदारी

जलग्राही द्रव्यांत ग्लिसरिनचे स्थान मोठे असल्याने त्याच्या शुद्धतेविषयी आम्ही विशेष आग्रहाने लिहीत आहोत. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलिन ग्लायकॉलची भेसळ असलेले ग्लिसरिन औषध म्हणून दिले गेले व १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची चौकशी त्याच घटनेतून झाली. २०२२ साली गांबियात सुमारे ७० बालकांच्या मृत्यूंशी याच प्रकारच्या भेसळीच्या पातळ औषधांचा संबंध जोडला गेला. ही औषधे पोटात घेण्याची होती, म्हणून बाह्योपचारात धोका नाही असे समजू नये. १९८५ साली स्पेनमध्ये याच विषाचा अंश असलेले मलम लावलेल्या भाजलेल्या रुग्णांपैकी पाच जण मृत्यू पावले. अखंड त्वचा काही प्रमाणात अडसर ठरते, परंतु आपले रुग्ण तर भेगाळलेल्या त्वचेचेच असतात.

अतएव ग्लिसरिन हे भारतीय औषधसंहितेच्या प्रतीचे, मूळ बंद डब्यातील व घाण क्रमांकासह तपासणी प्रमाणपत्र असलेलेच घ्यावे. सुटे, औद्योगिक प्रतीचे ग्लिसरिन स्वस्त मिळते म्हणून बाटल्यांत भरून विकू नये. ताजा कोरफड गर काढताना पानातील पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, कारण तो त्वचेस क्षोभक आहे. पाण्याचा अंश असलेला कोणताही कल्प जंतूंना पोषक असतो. परिरक्षक न घालता केलेला गर किंवा शतधौतघृत अल्प प्रमाणात करावे, थंड जागी ठेवावे व लवकर संपवावे. वास बदलताच टाकून द्यावे.

शेवटची दक्षता विक्रीच्या टेबलावर घ्यावयाची आहे. 'आयुर्वेदिक क्रीम' म्हणून आणलेल्या, दोन दिवसांत खाज व डाग नाहीसे करणाऱ्या बिननावाच्या डबीत स्टिरॉइड असण्याची शंका प्रथम घ्यावी. २०१८ साली केंद्र शासनाने अनेक स्टिरॉइड मलमांना अनुसूची 'एच'चे बंधन लागू केले, ते त्यांच्या सर्रास गैरवापरामुळेच. जल व स्नेह यांनी होणारी सुधारणा सावकाश, आठवड्यागणिक दिसते, हे रुग्णास आधीच सांगितले तर तो अशा डबीकडे वळत नाही.

जेल लावू की क्रीम, या प्रश्नाचे उत्तर देण्यास वैद्यास किंवा औषधविक्रेत्यास अर्धे मिनिट पुरते : अंग ओले असताना आधी पाणी धरणारे लावा, ते वाळण्याआधी त्यावर स्नेह लावा आणि रोज लावा. हे अर्धे मिनिट आपण प्रत्येक रुग्णास द्यावे, एवढीच या लेखाच्या निमित्ताने आमची विनंती आहे.